डॉक्टर बोलतात, मशीन लिहितं: अपॉइंटमेंटचं ट्रान्सक्रिप्ट वाचताना काय बघायचं

बाबांच्या फॉलोअपला मी सोबत गेले होते. डॉक्टरांना विचारलं, फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का, ते हो म्हणाले, मग मी एक ट्रान्सक्रिप्शनचं ॲप चालू करून फोन टेबलावर ठेवून दिला. शेवटी उठता उठता डॉक्टर म्हणाले, "रात्रीची गोळी आता घ्यायची नाही, सकाळची तशीच चालू ठेवा." बाहेर येऊन ॲप उघडलं तर तिथे लिहिलेलं, "रात्रीची गोळी आता घ्यायची. सकाळची तशीच चालू ठेवा."

मी दोनदा वाचलं. मग रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, डॉक्टर "नाही" म्हणाले नेमक्या त्याच क्षणी बाबांनी खुर्ची मागे सरकवली होती, आणि त्या खर्रकन आवाजात तो एक शब्द गेला. बाकी वाक्य एकदम शुद्ध, पूर्णविराम पण जागच्या जागी. बाबा राहतात दादाकडे, गोळ्या दादा देतो, आणि तो त्या दिवशी तिथे नव्हता. मी ते ट्रान्सक्रिप्ट तसंच त्याला पुढे पाठवलं असतं तर त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं, कारण वाचताना त्यात काहीच खटकत नाही.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि जे समजलं ते जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते, कारण हे तंत्रज्ञान आता दवाखान्यात पण येतंय आणि आपल्या फोनमध्ये पण आलंय, आणि ते वापरू नका असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मी स्वतः अजून वापरते. फक्त त्याच्या चुका कुठे लपतात ते माहीत असायला हवं.

आधी हे का हवंय ते बघू. आपण डॉक्टरांकडून बाहेर पडतो तेव्हा डोक्यात किती उरतं? २००३ मध्ये यावर आधीचा अभ्यास गोळा करून एक लेख आला होता, त्यात म्हटलंय की रुग्ण ऐकलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती लगेचच विसरतात, आणि जे लक्षात राहिलंय असं वाटतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं असतं. हे वाचून मला आश्चर्य नाही वाटलं. "गाठ आहे" हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं माणूस नुसता मान हलवत असतो.

दुसरी बाजू डॉक्टरांची. २०१६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांचा वेळ प्रत्यक्ष मोजून बघितला होता, तर रुग्णासोबतच्या दर १ तासामागे जवळजवळ २ तास कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि कागदपत्रांत जात होते. म्हणजे आपण तक्रार करतो ना, डॉक्टर माझ्याकडे बघतच नाहीत, स्क्रीनकडे बघून टाइप करत बसतात, त्याचं कारण हे आहे. टायपिंग मशीनने केलं तर डॉक्टर मान वर करून बोलू शकतात, आणि माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा तोच आहे.

आता हे चालतं कसं. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून आधी ते. जुना प्रकार म्हणजे डिक्टेशन, डॉक्टर रुग्ण गेल्यावर माइकमध्ये मुद्दाम सांगतात, "पूर्णविराम, नवीन ओळ", आणि मशीन ते उतरवून घेतं. नवीन प्रकारात मशीन खोलीत गप्प बसून दोघांचं नेहमीचं बोलणं ऐकतं, आणि अपॉइंटमेंट संपली की आपोआप एक नोट तयार करून देतं: तक्रार काय, तपासणीत काय सापडलं, निदान काय, पुढे काय करायचं. हा नवीन प्रकार खरं तर दोन मशीनं एकापाठोपाठ आहेत. पहिलं आवाजाचे शब्द करतं. दुसरं त्या शब्दांचा सारांश करतं. दोघांच्या चुका वेगवेगळ्या, आणि पहिल्याने केलेली चूक दुसरं छान वाक्यात बसवून देतं.

पहिलं मशीन. माइकमधून येणारा आवाज सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजला जातो. मग त्याचं एक चित्र बनतं, कुठल्या क्षणी कुठला सूर किती जोरात होता याचं, सतारीच्या सगळ्या तारा शेजारी शेजारी काढल्या आणि प्रत्येक क्षणाला कुठली तार किती थरथरली ते रंगवत गेलो तर जसं दिसेल तसं काहीतरी. मॉडेल, म्हणजे भरपूर आवाज ऐकवून शिकवलेला प्रोग्रॅम, हे चित्र बघतं आणि अंदाज करतं की इथे कुठला शब्द असेल. अंदाज हा शब्द महत्त्वाचा आहे. १९५२ मध्ये बेल लॅब्सने 'ऑड्री' नावाचं यंत्र बनवलं होतं, ते फक्त शून्य ते नऊ आकडे ओळखायचं. आजची मॉडेल कुठल्या कुठे पोचलीत, ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेलं 'व्हिस्पर' तब्बल ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं. पण मूळ काम तेच, अंदाज करणं.

आणि अंदाज दोन गोष्टींवरून होतो. एक, कानावर काय पडलं. दोन, आधीचे शब्द बघता पुढे काय येणं शक्य आहे. आपण पण असंच ऐकतो, गोंगाटात कुणी "जरा पाणी..." म्हणालं की पुढचं "दे" ऐकू नाही आलं तरी आपण ग्लास पुढे करतो. मशीनचं पण तसंच, आवाज अस्पष्ट झाला की ते भाषेच्या सवयीवर जास्त भिस्त ठेवतं. म्हणून मशीनची चूक ही लहान मुलाच्या शुद्धलेखनासारखी वेडीवाकडी नसते, ती व्याकरणात बसणारी, पटणारी, गुळगुळीत चूक असते. बाबांच्या गोळीचं तेच झालं. "घ्यायची" नंतर आवाज हरवला, आणि "गोळी आता घ्यायची" हे मराठीत पूर्ण वाक्य आहे.

मराठीत हा धोका जरा जास्तच आहे असं मला वाटतं. आपला नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो: दुखत नाही, ताप आलेला नाही, हे खायचं नाही. आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज खाली जातो, किंवा तोवर समोरच्याने बोलायला सुरुवात केलेली असते. म्हणजे ज्या शब्दावर सगळा अर्थ लटकलाय तोच सगळ्यात हळू आवाजात बोलला जातो. आकड्यांचं पण तेच, "सात" आणि "साठ" घाईत म्हणून बघा. "दीड गोळी" मधला दीड पुसट झाला तर नुसती गोळी उरते. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी हा घोळ एआयच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, आणि औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक म्हणूनच सांगतात की डोस तोंडी सांगताना आकडा सुटा करून पण म्हणा, पंधरा, म्हणजे एक पाच.

औषधांची नावं हा तर वेगळाच प्रकार आहे. सेलेब्रेक्स हे सांधेदुखीवरचं औषध, सेलेक्सा हे डिप्रेशनवरचं, आणि सेरेबिक्स हे फिट्स थांबवायचं इंजेक्शन. तीन नावं, तीन वेगळे आजार, आणि कानाला जवळपास एकच. माणसांचा सुद्धा यात गोंधळ होतो, म्हणून अशा जोड्यांच्या याद्याच करून ठेवलेल्या असतात. मशीनला यातलं कुठलं नाव हे कळायला मागचा पुढचा संदर्भ लागतो, आणि संदर्भ तुटक असेल तर ते जास्त वेळा ऐकलेलं नाव निवडून मोकळं होतं.

मग दोन भाषांची खिचडी. आपण बोलतो कसे, "डॉक्टर, मला ना अधूनमधून असं चेस्टमध्ये टाइट वाटतं, पण पेन असं नाहीये." व्हिस्परसारखं मॉडेल आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत घेतं आणि त्या तुकड्याची एक भाषा धरून चालतं. या वाक्यातल्या "पेन"चं वेदना न होता लिहायचं पेन होऊ शकतं, किंवा सगळं वाक्यच धड एका भाषेत न बसल्यामुळे अर्धवट उतरतं. आणि कोण बोललं हे ओळखणं हे अजून एक वेगळं काम. खोलीत तिघं असतात, रुग्ण, डॉक्टर आणि सोबत आलेलं कुणीतरी. सोबतची मुलगी सहज म्हणते, "मला पण थायरॉइड आहे ना," आणि मशीनने आवाज नीट वेगळे केले नाहीत तर ते थायरॉइड आईच्या खात्यावर जमा होतं.

आणि हुंकार! डॉक्टर विचारतात, "रक्त पडतं का?" रुग्ण म्हणतो "उंहूं". हो म्हणायला "हूं", नाही म्हणायला "उंहूं". बरीच सॉफ्टवेअर असे आवाज भरताड म्हणून गाळून टाकतात किंवा चुकीचे लिहितात, आणि मान हलवून दिलेलं उत्तर तर त्यांना कळतच नाही. प्रश्न लिहिला जातो, उत्तर जातं.

कंपन्या सांगतात, आमचं मॉडेल ९५ टक्के अचूक आहे. याचा अर्थ काय? मोजतात असं: बदललेले शब्द, गाळलेले शब्द आणि जादा घातलेले शब्द यांची बेरीज, भागिले मूळ एकूण शब्द. पण या हिशेबात प्रत्येक शब्दाची किंमत सारखी. "अच्छा" गाळला तरी एक चूक आणि "नाही" गाळला तरी एकच चूक. दहा मिनिटांच्या बोलण्यात हजारेक शब्द सहज होतात, त्यात ५ टक्के म्हणजे ५० शब्द, आणि ते ५० कुठले हे तो आकडा सांगत नाही. २०१८ मध्ये एका अभ्यासात डॉक्टरांनी डिक्टेट केलेल्या २१७ नोंदी तपासल्या होत्या. मशीनने लिहिलेल्या मसुद्यात ७.४ टक्के चुका होत्या, माणसाने एकदा वाचून दुरुस्त केल्यावर ०.४ टक्के, आणि डॉक्टरांनी सही केल्यावर ०.३ टक्के. मला यातला मधला टप्पा फार बोलका वाटतो. जवळपास सगळा फरक त्या एका वाचनाने पडला.

आता ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त दचकले ती. मशीन कधीकधी न बोललेलं पण लिहितं. चुकीचं ऐकणं वेगळं, इथे कुणी काही बोललेलंच नसतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिस्परने उतरवलेल्या ऑडिओच्या तुकड्यांपैकी साधारण १ टक्का तुकड्यांमध्ये अख्खी वाक्यं किंवा शब्दसमूह मनचे घातलेले सापडले, आणि त्यातल्या ३८ टक्के ठिकाणी ते नुसतं निरर्थक नव्हतं तर नुकसान करू शकेल असं होतं. असं व्हायचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मॉडेलला शांततेत काय करायचं ते नीट कळत नाही. त्याचं काम पुढचा शब्द काढणं, आणि आवाज नसला की उरते फक्त भाषेची सवय, मग ते सवयीने लिहीत सुटतं. ज्यांच्या बोलण्यात मोठे मोठे थांबे असतात त्यांच्या बाबतीत हे जास्त झालं, त्या अभ्यासात मेंदूला इजा होऊन बोलणं अडखळणारे रुग्ण होते आणि त्यांच्या तुकड्यांत हे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं होतं. जरा विचार करा, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला माणूस शब्द शोधतोय, खोलीत सगळे शांत बसून वाट बघतायत, आणि मशीन त्याच्या तोंडी वाक्य घालतंय.

उच्चारांचं पण असंच. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या लोकांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका आणि काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. ज्यांचा आवाज शिकवणीत कमी होता त्यांच्यासाठी मशीन जास्त चुकतं, यात गूढ काही नाही, पण दवाखान्यात याचा अर्थ असा की ज्याचं आधीच कुणी नीट ऐकत नाही त्याचंच लिहिलं पण चुकीचं जातं. हे मला मनापासून टोचतं.

दुसरं मशीन, म्हणजे सारांश करणारं. इथे शब्द बरोबर उतरलेले असले तरी अर्थ घसरू शकतो. अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या पर्मनेंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या मोठ्या गटाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सोय डॉक्टरांना दिली, १० आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ३,०३,२६६ भेटींमध्ये ती वापरली. त्यांचा एकूण अनुभव चांगला होता, पण त्यांनी सापडलेल्या चुका पण मोकळेपणाने छापल्या, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. एका ठिकाणी डॉक्टर रुग्णाचे हात, पाय आणि तोंड यांच्या तक्रारींबद्दल बोलले, आणि सारांशात आलं की रुग्णाला हँड फूट माउथ डिसीज आहे, जो एक वेगळाच संसर्गाचा आजार आहे. दुसरीकडे डॉक्टर म्हणाले की प्रोस्टेटची तपासणी ठरवू, तर नोटमध्ये तपासणी झाली असं लिहिलेलं. करायचंय आणि केलं यातला फरक गेला. आणि ही चूक वाचताना तर अजिबात दिसत नाही, उलट नोट जास्त नीटनेटकी वाटते.

तिसरा प्रकार गाळण्याचा. रुग्ण निघता निघता दारात थांबून म्हणतो, "अजून एक, हल्ली जिना चढताना दम लागतो." सारांश करणाऱ्याला वाटतं मुख्य विषय गुडघा होता, दम लागणं ही इकडची तिकडची गोष्ट. अनुभवी डॉक्टर मात्र दारातल्या त्या वाक्याला कान टवकारतात.

मग करायचं काय? दवाखान्यात मशीन ऐकत असेल तर तुम्हाला आधी सांगून, विचारून मगच चालू करायला हवं, आणि नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे असं धरूनच चाला, त्यात संकोच नको. विचारा की ऑडिओ कुठे जातो, किती दिवस राहतो, तो मॉडेल शिकवायला वापरतात का. इथे एक पेच आहे. गोपनीयतेसाठी ऑडिओ लवकर पुसलेला बरा, पण पुसला की नोट बरोबर आहे का ते पडताळायला काही उरत नाही. माझ्या मते डॉक्टर वाचून सही करेपर्यंत तरी ऑडिओ राहावा, आणि मग जावा. एखादी अगदी खासगी गोष्ट सांगायची असेल तर "जरा थांबवता का" असं म्हणा.

तुम्ही स्वतः फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर तुम्ही पण डॉक्टरांना विचारा, काही ठिकाणी न विचारता रेकॉर्ड करणं कायद्यात बसत नाही आणि तसंही ते बरं दिसत नाही. ॲप आवाज फोनमध्येच उतरवतं की कुठल्यातरी सर्व्हरवर पाठवतं ते सेटिंगमध्ये बघा. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवा, पंखा, खुर्ची, पिशव्या यांच्यापासून लांब. मान हलवू नका, शब्दात बोला: "नाही, रक्त पडत नाही." डॉक्टर पण तपासताना जे सापडतं ते मोठ्याने म्हणतात तेव्हा नोट चांगली होते, आणि त्यात आपला पण फायदा, कारण एरवी पोट दाबून बघताना ते गप्प असतात आणि आपण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घाबरत असतो.

आणि निघण्याआधी दोन मिनिटं मागा. "मी काय समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा," असं म्हणून औषधं, डोस, काय बंद, काय चालू, परत कधी यायचं हे तुमच्या शब्दांत म्हणून दाखवा. मशीनला तीच गोष्ट दुसऱ्यांदा स्वच्छ ऐकू येते आणि तुमची पण खात्री होते.

घरी आल्यावर ट्रान्सक्रिप्ट गोष्टीसारखं वाचू नका. मी चार गोष्टी शोधते: प्रत्येक आकडा, प्रत्येक औषधाचं नाव, प्रत्येक "नाही", आणि झालं की व्हायचंय. औषधाचं नाव आणि डोस प्रिस्क्रिप्शनशी ताडून बघते, जुळलं नाही तर प्रिस्क्रिप्शन पण आपोआप खरं मानत नाही, फोन करून विचारते. शंका आली तिथलं रेकॉर्डिंग ऐकते, म्हणून तोवर ऑडिओ पुसत नाही.

चूक दवाखान्याच्या नोंदीत असेल तर ती लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, आणि त्याच आठवड्यात, कारण पुढच्या भेटीची नोट बऱ्याचदा आधीच्या नोटवरून तयार होते, तिसऱ्या भेटीपर्यंत ती चूक तीन ठिकाणी असते आणि मग नवीन डॉक्टर विचारतात, "तुम्हाला हा आजार होता ना?" तेव्हा आपलं "नव्हता" कागदासमोर फार लहान वाटायला लागतं. बाबांच्या बाबतीत चूक फक्त माझ्या फोनमध्येच होती. मी त्या ओळीत "नाही" टाइप केलं, शेजारी "रेकॉर्डिंग ऐकून दुरुस्त" असं लिहिलं, डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन करून खात्री केली, आणि मग दादाला पाठवलं.